अदृश्य माणूस नागपुरात आणायचा तर

एच. जी. वेल्स यांच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या १८९७ सालच्या कादंबरीवर नागपुरात घडणारी आठ भागांची मराठी वेब मालिका करायचं तुमच्या गटानं ठरवलंय. एकांकिकांतून आलेली मंडळी आहात, कॅमेऱ्याचा थोडा सराव आहे, पैसा जवळजवळ नाही. तुमचे प्रश्न तीन आहेत. पुस्तकाशी किती इमान राखायचं? पानंच्या पानं चालणाऱ्या शास्त्रीय स्पष्टीकरणांचं काय करायचं? आणि इंग्लंडच्या खेड्यातली गोष्ट इतवारी-महालात आणली तर ती टिकेल का? पुस्तकांच्या पटकथा करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि विज्ञानकथेवर माझा विशेष जीव आहे, म्हणून लांबण लागली तरी नीट लिहिते.

इमान कशाशी राखायचं, हे आधी ठरवा. चांगली विज्ञान कादंबरी आपल्या जगावर एक अट घालते आणि मग त्या अटीची किंमत पात्रांकडून वसूल करत जाते. ती अट म्हणजेच कादंबरी. गाव, काळ, नावं, प्रसंगांचा क्रम, प्रसंगी शेवटसुद्धा, सगळं हलवता येतं. अट मोडली की तुम्ही दुसरीच गोष्ट सांगताय, मग मूळ पुस्तकाचं नाव तरी कशाला घ्यायचं? मी एक चाचणी नेहमी लावते. पटकथेतून ती अट काढून टाकायची आणि उरलेलं वाचून बघायचं. नाटक तरीही तसंच उभं राहत असेल, तर विज्ञान केवळ नेपथ्यापुरतं वापरलंय असं समजायचं आणि पुन्हा लिहायला बसायचं.

आता वेल्सची अट नीट वाचा. 'माणूस अदृश्य होतो' एवढीच ती नाही. शरीर दिसेनासं होतं, पण शरीर राहतं. ग्रिफिनला, म्हणजे त्या अदृश्य झालेल्या संशोधकाला, थंडी वाजते. अंगावरचे कपडे दिसतात म्हणून भर हिवाळ्यात उघडं फिरावं लागतं. खाल्लेलं अन्न जिरेपर्यंत बाहेरून दिसतं, म्हणून चारचौघांत जेवता येत नाही. पाऊस, धुकं, धूळ त्याचा आकार उघडा पाडतात आणि चिखलात पावलं उमटतात. पापण्यासुद्धा पारदर्शक झाल्यामुळे डोळे मिटले तरी समोरची खोली दिसत राहते, झोपताना तोंडावर चादर ओढावी लागते. कुत्र्यांना वास येतो. लंडनच्या गर्दीत लोक येऊन आदळतात, कारण समोर कोणी आहे हे त्यांना कळतच नाही. आपल्याला अमर्याद सत्ता मिळाली असं वाटणारा हा माणूस प्रत्यक्षात कपडे आणि जेवण चोरत फिरतो. परीकथेतल्या जादूच्या टोपीपासून हे पुस्तक वेगळं होतं ते इथेच.

या कादंबरीचे दोन चित्रपट तुम्ही बघाच. १९३३ सालच्या जेम्स व्हेल यांच्या चित्रपटात ग्रिफिनच्या वेडाला 'मोनोकेन' नावाचं औषध जबाबदार ठरवलंय. हा बदल वरवर लहान वाटतो, पण मला तो खोलवरचा वाटतो. पुस्तकातला ग्रिफिन अदृश्य होण्याआधीच तसा आहे. प्रयोगासाठी त्यानं वडिलांकडचे पैसे चोरले, ते पैसे वडिलांचे नव्हते, वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि त्यांच्या अंत्यविधीलाही याचं मन हललं नाही. अदृश्य होणं त्याला बिघडवत नाही, त्याला आडोसा देतं. औषध आणलं की सगळा दोष बाटलीवर जातो. तरीही तो चित्रपट आज बघवतो, कारण शरीराची अट त्यानं कसोशीनं पाळली आहे. क्लॉड रेन्स या नटानं भूमिका केवळ आवाजावर आणि पट्ट्या बांधलेल्या देहावर पेलली, त्याचा चेहरा अगदी शेवटी दिसतो. तुमच्यातल्या नटांनी हे काम वहीत उतरवून काढावं, इतकं ते मोलाचं आहे.

२०२० सालचा ली व्हॅनेल यांचा चित्रपट उलट टोकाचा. गाव गेलं, रसायनं गेली, ग्रिफिनचा दृष्टिकोनही गेला. त्याच्या तावडीतून सुटलेली बाई मध्यभागी आली आणि अदृश्यता कॅमेरे बसवलेल्या पोशाखातून आली. पुस्तकातलं जवळजवळ काही उरलं नाही, तरी जो दिसत नाही त्याला जाब विचारता येत नाही, हा गाभा उरला. अदृश्यता काढा, म्हणजे त्या बाईवर कोणी विश्वास का ठेवत नाही याचं कारणच नाहीसं होतं. चाचणीत चित्रपट पास होतो. मात्र पोशाख आल्यामुळे उघड्या देहाची लाचारी गेली. थरारपट म्हणून तो जास्त धारदार झाला आणि विज्ञानकथा म्हणून थोडा उणा पडला, असं माझं मत आहे. तुम्हाला यातलं काय हवं ते आधी ठरवा. दोन्ही एकदम मिळणार नाही.

अट पाळणं आणि मोडणं एकाच कलाकृतीत कसं घडतं, हे 'फाउंडेशन'च्या मालिकेत दिसतं. आयझॅक असिमोव्ह यांच्या या कथा १९४२ पासून मासिकांत आल्या आणि १९५१ साली पुस्तकरूपानं निघाल्या. तिथली अट अशी की अफाट लोकसंख्येचं भविष्य गणितानं सांगता येतं, एकट्या माणसाचं नाही. साहजिकच त्या कथांत एक नायक असा नाही. दर काही दशकांनी सगळी पात्रं बदलतात, जुनी मरून गेलेली असतात. मालिकेला हे परवडत नाही, प्रेक्षकाला दर आठवड्याला ओळखीचा चेहरा लागतो. २०२१ साली सुरू झालेल्या अ‍ॅपलच्या मालिकेत यावर एक विलक्षण तोड काढली आहे. सम्राटाच्या जागी एकाच माणसाच्या प्रतिकृतींचं घराणं बसवलं: एक लहान, एक प्रौढ, एक वृद्ध, आणि शतकं उलटली तरी सिंहासनावर तोच चेहरा. असिमोव्ह यांच्या पुस्तकांत हे घराणं नाही. पण 'साम्राज्य साचलंय, म्हणून ते कोसळणार' हे जे गणित पुस्तकात सांगितलं जातं, ते इथे एका नटाच्या चेहऱ्यावर दिसतं. मूळ पुस्तकात नसलेली गोष्ट त्याच्याशी इतकी इमानी असू शकते! आणि त्याच मालिकेत सॅल्व्हर हार्डिनला पुढचं जाणवण्याची खास शक्ती दिली आहे. पुस्तकातला हार्डिन चतुर राजकारणी आहे, बस. एका व्यक्तीच्या अद्भुत शक्तीवर इतिहास फिरू लागला की गणिताची अट मोडली. तो भाग बघताना मला प्रत्येक वेळी हळहळ वाटते.

कधी मोठा दिग्दर्शक जाणूनबुजून अट बाजूला सारतो. स्तानिस्लाव लेम यांची 'सोलारिस' ही कादंबरी १९६१ सालची. तिथला महासागर सजीव आहे आणि माणसाच्या बुद्धीला तो कधीच कळणार नाही, ही अट. म्हणून लेम यांनी त्या महासागरावरच्या संशोधनाची अख्खी काल्पनिक ग्रंथसंपदा रचली आणि ती अपुरी पडताना दाखवली. तारकोव्स्की यांचा १९७२ सालचा चित्रपट पृथ्वीवरच्या घरापासून, पाण्यापासून, गवतापासून सुरू होतो आणि त्याचा भार नायकाच्या अपराधी मनावर आहे. लेम यांना तो मानवला नाही. चित्रपट थोर आहे आणि लेम यांची तक्रारही खरी आहे. तुम्ही तारकोव्स्की होईपर्यंत मात्र अट पाळा, असं मी माझ्या कार्यशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला मनापासून सांगते.

स्पष्टीकरणाचा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात अवघड आहे, कारण वेल्सच्या कादंबरीच्या उत्तरार्धात ग्रिफिन डॉक्टर केम्पसमोर बसून प्रकरणांमागून प्रकरणं आपली कहाणी सांगतो. कागदावर ते रंगतं. पडद्यावर दोन माणसं खोलीत बोलत बसलीत आणि त्यांतला एक दिसतही नाही, अशी अवस्था होईल.

निवेदनाचा मोह होईल. तो आवरा. 'ब्लेड रनर' १९८२ साली निर्मात्यांच्या आग्रहानं नायकाच्या निवेदनासह प्रदर्शित झाला. १९९२ च्या आवृत्तीत ते निवेदन काढून टाकल्यावर चित्रपट बिघडला तर नाहीच, उलट उघडला. डेव्हिड लिंच यांच्या १९८४ सालच्या 'ड्यून'मध्ये पात्रांचे मनातले विचार कुजबुजीत ऐकू येतात, कारण फ्रँक हर्बर्ट यांच्या कादंबरीत जवळजवळ प्रत्येक जण मनात बोलतो. परिणाम असा की नट चेहऱ्यानं जे सांगतोय तेच कान पुन्हा सांगतात. व्हिलनव्ह यांनी २०२१ सालच्या आपल्या 'ड्यून'मध्ये ते सगळं काढलं आणि जागोजागी नजर आणि हातांच्या खुणांवर काम भागवलं. कुब्रिक यांनी तर '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटासाठी शास्त्रज्ञांच्या मुलाखतींची प्रस्तावना चित्रित करून घेतली होती आणि १९६८ साली चित्रपट आला तेव्हा ती त्यात नव्हती. त्याच वर्षी निघालेल्या आर्थर क्लार्क यांच्या कादंबरीत मात्र सगळं उलगडून सांगितलंय. दोन माणसांनी मिळून रचलेली एकच गोष्ट, आणि दोन माध्यमांत दोन उलट निर्णय. विद्यार्थ्यांनी ही दोन्ही शेजारी ठेवून अभ्यासावीत.

मग विज्ञान सांगायचं कसं? करून दाखवायचं. वेल्सचं तत्त्व अपवर्तनांकाचं, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्या मापाचं आहे. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ १, पाण्याचा १.३३. दोन पदार्थांचा अपवर्तनांक सारखा झाला की त्यांच्यामधली कड दिसेनाशी होते. हे संवादात घातलं की प्रेक्षक मोबाइल काढतो. त्याऐवजी एक प्रसंग लिहा. प्रयोगशाळेत वापरतात त्या बोरोसिलिकेट काचेची कांडी आणि घरातलं सोयाबीनचं तेल, दोघांचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास असतो. भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकखोलीत तुमचा नायक मालकीणबाईंच्या छोट्या नातवासमोर गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या तेलात ती कांडी बुडवतो. कांडी बुडते तिथून नाहीशी होते. पोरगं हात घालतं, बाहेर काढतं, कांडी आहे तशी. पुन्हा बुडवतं. हसतं. एक शब्द लागत नाही, आणि पुढे हात नाहीसा होईल तेव्हा प्रेक्षकाला तो तेलाचा गंज आठवेल. हा प्रयोग घरी करून बघा, कॅमेऱ्यावर फार सुंदर दिसतो. नेमकी जुळणारी काच आणि तेल मिळेपर्यंत दोन-चार जोड्या तपासून घ्या, म्हणजे ऐन वेळी कडेची रेघ दिसणार नाही.

जाता जाता, जाणकार एक आक्षेप घेतील: दृष्टिपटल पूर्ण पारदर्शक झालं तर ते प्रकाश शोषणार नाही, म्हणजे अदृश्य माणूस आंधळा असेल. आक्षेप बरोबर आहे. वेल्सला त्याची जाणीव असावी, कारण आरशात बघताना ग्रिफिनला डोळ्यांमागे रंगद्रव्याचा पुसटसा अंश शिल्लक दिसतो आणि ज्या मांजरीवर तो प्रयोग करतो तिचे डोळे अखेरपर्यंत हवेत तरंगत राहतात. ही मांजर सोडू नका. रात्री ओट्यावर फक्त दोन डोळे चमकतायत आणि म्याव ऐकू येतंय, एवढ्या एका दृश्यावर तुमचा पहिला भाग संपू शकतो.

आता नागपूर. इथे तुमच्या हाती असं काही आहे जे वेल्सच्याही हाती नव्हतं. पुस्तकात हिमवर्षावात एक अनोळखी माणूस इपिंगच्या खानावळीत येतो. डोक्याला पट्ट्या, मोठा निळा चष्मा, हातमोजे. पहिल्या क्षणापासून सगळं गाव त्याच्याकडे संशयानं बघतं. नागपुरात मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, अर्धं शहर असंच फिरतं! डोक्याला, तोंडाला घट्ट दुपट्टा, वर गॉगल, हातात पांढरे मोजे. गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही याचं कोणालाच काही वाटणार नाही. म्हणजे तुमची गोष्ट पुस्तकाच्या उलट दिशेनं सुरू होते. तो आधी पूर्णपणे खपून जातो. संशय येतो तो संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, जेव्हा सगळे दुपट्टे सोडतात आणि हा सोडत नाही. जून लागतो, पाऊस पडतो, आणि तोंड बांधायचं कारणच शहरातून नाहीसं होतं. आता तो बांधला तरी दिसतो आणि सोडला तरी पावसात त्याचा आकार दिसतो. ऋतूच त्याला कोंडीत पकडतात. पुस्तकातही गोष्ट थंडीपासून उन्हाळ्याकडे सरकते, तुम्हाला फक्त इथलं पंचांग लावायचंय.

कूलरचंही तसंच. हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर खोली दमट करून सोडतो, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. तुमच्या माणसाला तर खिडकी बंदच हवी. मी असा प्रसंग लिहीन:

मालकीणबाई (दाराबाहेरून): काऊन जी, खिडकी लावून कूलर चालू केला? सारी खोली दमट होऊन राहिली.

तो: राहू द्या.

मालकीणबाई: गादी खराब होऊन जाईल ना माझी. उघडा बरं थोडी.

तो: भाडं वाढवून देतो. आत येऊ नका.

मालकीणबाई: भाड्याचं नाही म्हणून राहिली मी. तुम्हाले घाम नाही येत का?

या शेवटच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. पुढच्या दृश्यात आपण आत असतो: बंद खोली, आणि हवेत, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, घामाचे थेंब चमकत खाली ओघळतायत. शरीर गेलेलं नाही, ही वेल्सची अट इथे कोणी न सांगता पोहोचते.

भाषा अशीच ठेवा, पण सगळ्यांच्या तोंडी सारखी नको. मालकीणबाई, पानठेल्यावरची पोरं, ऑटोवाला यांची नागपुरी वेगवेगळी असते. घरात एक बोलणारा माणूस कामावर दुसरं बोलतो. शहरात हिंदी सहज मिसळते, तीही येऊ द्या. विनोदी पात्रापुरती वऱ्हाडी वापरायची जुनी खोड आपल्या मालिकांना आहे, ती टाळा. तुमच्या संशोधकानंसुद्धा राग अनावर झाला की प्रमाण मराठी सोडून आपल्या बोलीवर यावं.

पुस्तकात भांडाफोड होतो तो व्हिट मंडे या ख्रिस्ती सणाच्या गावजत्रेच्या दिवशी. तुमच्या मनात मारबत आली असेलच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, निघतात, बडगे नावाचे पुतळेही निघतात, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत लोक वाईटाला शहराबाहेर नेऊन जाळतात. ही मिरवणूक इथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे, म्हणजे वेल्सच्या पुस्तकाच्या काळातही हे शहर हेच करत होतं. अदृश्य माणूस त्या गर्दीत सापडणं हे दृश्य जबरदस्त आहे. वेल्सचा ग्रिफिनही शेवटी जमावाच्या हाती मरतो आणि मेल्यावर हळूहळू दिसू लागतो. फक्त एक काळजी घ्या. मारबत शेवटाला ठेवली तर 'वाईटाचा नाश झाला' असा सोपा अर्थ लागेल आणि जमावानं एका माणसाला ठेचून मारलं, ही वेल्सनं मुद्दाम ठेवलेली अस्वस्थता पुसली जाईल. म्हणून मी मारबत भांडाफोडीला वापरीन, मधल्या भागात. शेवट एखाद्या साध्या, रिकाम्या जागी. उमरेडकडे कोळशाच्या खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर आहेत, त्या काळ्या-करड्या धुळीत पळणारा न दिसणारा माणूस पावलागणिक दिसत जाईल.

हा माणूस इथे कोण असेल, यावर मात्र ऋतूंपेक्षा जास्त वेळ घालवा. पुस्तकात ग्रिफिनला सतत भीती आहे की त्याचे प्राध्यापक त्याचं संशोधन लाटतील, म्हणून तो ते लपवून ठेवतो. गरीब आहे, एकटा आहे, बुद्धीचा गर्व आहे. आपल्याकडे कंत्राटी पदांवर वर्षानुवर्षं काम करणारे, शिष्यवृत्ती रखडलेले संशोधक तुमच्या ओळखीचे असतील. त्यांच्याकडे जाऊन बसा, ऐका. प्रयोगशाळेत ज्याला आधीच कोणी बघत नव्हतं, तो अदृश्य होतो, हा विचार मोहक आहे आणि तुम्ही तो नक्की कराल. पण त्यामुळे त्याच्या क्रौर्याला माफी मिळू देऊ नका. अन्याय झालेला माणूस आणि अन्याय करणारा माणूस एकाच कातडीत राहतो, वेल्सनं तसाच लिहिलाय. वडिलांच्या पैशांचा प्रसंग ठेवा. एखाद्या पतसंस्थेत लोकांच्या ठेवी सांभाळणारा बाप, आणि त्यातून मुलानं काढलेली रक्कम. आपल्या प्रेक्षकाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

आठ भाग मला जास्त वाटतात. पुस्तक आटोपशीर आहे, घटना वेगानं घडतात. ताणलं की भागांच्या मध्ये पाणी भरावं लागेल. लांबी हा स्वतंत्र निर्णय असतो. ल्यू त्सिशिन यांच्या 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'वर चीनच्या टेन्सेंटनं २०२३ साली तीस भागांची मालिका केली, ती पुस्तकाला जवळजवळ पानोपान धरून चालते. २०२४ च्या नेटफ्लिक्सच्या मालिकेत पहिल्या हंगामाचे आठ भाग. तिथे पुस्तकातला एक शास्त्रज्ञ मोडून पाच मित्र केले आणि पुढच्या खंडांतल्या पात्रांनाही आधीच एकत्र आणलं. पहिल्या मालिकेत विचाराला दम घ्यायला जागा मिळाली, दुसरीत नाती मिळाली. तुमच्याकडे तीन खंड नाहीत. चाळीस मिनिटांचे चार भाग पुरेत. चौथा भाग डॉक्टर केम्पच्या बाजूनं लिहा, कारण जुन्या मित्राला पोलिसांच्या हाती द्यायचं की नाही हा खरा नैतिक पेच त्याचा आहे. पुस्तकात तो फार लवकर सुटतो आणि तिथे पटकथेला वाव आहे.

आणि पहिली चार पानं लिहिण्याआधी एक लघुपट करा. सत्यजित राय यांच्या १९७६ सालच्या 'अनुकूल' या कथेवर सुजॉय घोष यांनी २०१७ साली अर्ध्या तासाहूनही छोटा चित्रपट केला. कोलकात्याचं एक घर, एक शिक्षक, एक यंत्रमानव नोकर जो हुबेहूब माणसासारखा दिसतो. खर्चिक करामती नाहीत. त्याच्यावर हात उगारला तर तो विजेचा झटका देऊ शकतो, ही अट सुरुवातीला सांगितली जाते आणि शेवट तिच्यातूनच उगवतो. विज्ञानकथेला पैसा लागतोच असं समजणाऱ्यांनी हा चित्रपट बघावा.

करामतींचं थोडक्यात. १९३३ साली नटाला काळं मखमल घालून काळ्या पडद्यासमोर उभं केलं आणि कपड्यांची हालचाल वेगळ्या फितीवर जोडली. आज हेच काम हिरव्या कापडानं आणि साध्या संगणकानं होतं. कॅमेरा तिवईवर पक्का बांधा, आधी रिकाम्या जागेचा शॉट घ्या, मग नटाचा, प्रकाश तसूभर बदलू देऊ नका. दिवसाउजेडी ढग आले की दोन शॉट जुळत नाहीत, म्हणून असे प्रसंग रात्री किंवा खोलीत ठेवा. उरलेलं आवाजावर सोडा. श्वास, सतरंजीवर पाऊल, खाटेची कुरकुर. तुम्ही रंगभूमीवरून आलात, नसलेली वस्तू हातात आहे असं दाखवायची तुम्हाला सवय आहे. समोर नसलेल्या माणसाकडे बघायचं कसं, याची तालीम आठवडाभर करा. नजर एक इंच चुकली तरी भ्रम फुटतो.

हक्कांबाबत निश्चिंत राहा, पण कागद तयार ठेवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतात. वेल्स १३ ऑगस्ट १९४६ रोजी वारले, त्यामुळे भारतात त्यांचं लेखन २००७ च्या सुरुवातीपासून मुक्त आहे. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, तीही २०१६ अखेर संपली. पण कुठल्याही मराठी अनुवादाचे हक्क अनुवादकाचे वेगळे असतात, म्हणून मूळ इंग्रजीवरूनच काम करा. चित्रपटांनी घातलेली भर, म्हणजे मोनोकेन, १९३३ ची नायिका, २०२० चा पोशाख, यांना हात लावू नका. पुढे कधी जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'सारख्या कादंबरीकडे वळलात तर गोष्ट वेगळी. नारळीकर २०२५ साली गेले, त्यांचं लेखन अजून अनेक दशकं संरक्षित आहे. तिथे वारसांकडून लेखी हक्क घ्यावे लागतील, आणि त्या करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहायला हवेत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वेगळं ठरलेलं नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास तेही जातात. ओळखीच्या माणसाच्या तोंडी शब्दावर पटकथा लिहायला बसू नका.

सुरुवातीला एवढंच करा. पुस्तक पुन्हा वाचा आणि ग्रिफिनच्या शरीराला जे जे सोसावं लागतं त्याची यादी काढा, प्रसंगांची नाही. तिच्यातली प्रत्येक गोष्ट नागपुरात मे ते पोळ्यापर्यंत कशी घडेल ते समोर लिहा. मग पहिल्या भागाची दहा पानं लिहा, ज्यांत एकाही पात्राच्या तोंडी 'अदृश्य' हा शब्द येणार नाही. ती पानं मला पाठवा, मी वाचून सविस्तर कळवीन.